भूमिगत कार्यकर्ता ते संरक्षणमंत्री : यशवंतराव चव्हाणांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यशवंतराव चव्हाणांवर भाषणे पुष्कळ होतात, त्यामुळे माहितीपेक्षा विशेषणेच जास्त हाती लागतात. विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे, सातारा-सांगलीकडची जुनी घराणी आणि कराडला जाणारे पाहुणे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे एका जागी दिली आहेत. बेचाळीसच्या (१९४२) चळवळीत ते भूमिगत होते त्या नऊ महिन्यांना जास्त जागा दिली आहे, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

आधी थोडक्यात सांगा : कोण, कुठले, कोणकोणती पदे?

जन्म १२ मार्च १९१३, देवराष्ट्रे. शाळा कराडच्या टिळक हायस्कुलात, बी. ए. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ मध्ये, वकिलीची पदवी पुण्यातून १९४१ मध्ये. १९३२ च्या सविनय कायदेभंगात अठरा महिन्यांची शिक्षा, १९४० मध्ये सातारा जिल्हा काँग्रेसचे अध्यक्ष, ऑगस्ट १९४२ ते मे १९४३ भूमिगत. १९४६ ला आमदार आणि संसदीय चिटणीस, १९५२ ला मुंबई राज्यात पुरवठामंत्री, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक (मराठी-गुजराती) मुंबई राज्याचे आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. दिल्लीत संरक्षण (१९६२), गृह (१९६६), अर्थ (१९७०), परराष्ट्र (१९७४) आणि १९७९ मध्ये उपपंतप्रधान. आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद हे शेवटचे. मृत्यू २५ नोव्हेंबर १९८४, दिल्ली.

देवराष्ट्रे सातारा जिल्ह्यात की सांगली जिल्ह्यात?

दोन्ही उत्तरे आपापल्या काळापुरती बरोबर आहेत. ते जन्मले तेव्हा गाव सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये जुन्या जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि 'दक्षिण सातारा' वेगळा निघाला. त्याचेच नाव १९६० मध्ये सांगली झाले. आज देवराष्ट्रे सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात आहे, सागरेश्वर अभयारण्याच्या पायथ्याशी. तासगाव, इस्लामपूर ही बेचाळीसची नावाजलेली ठिकाणेही आज सांगलीत मोडतात, पण त्या वेळच्या कागदांत ती 'सातारा' म्हणूनच येतात. जुन्या नोंदी शोधताना आजच्या जिल्ह्याचे नाव धरून बसलात तर निम्मे कागद हाती लागणार नाहीत.

त्यात संस्थानांची गुंतागुंत. साताऱ्याच्या इंग्रजी मुलखात औंध, सांगली, फलटण अशा संस्थानांचे तुकडे विखुरलेले होते. कुंडल आणि किर्लोस्करवाडी औंध संस्थानात होती. एका गावाला इंग्रजी अंमल तर शेजारच्या गावाला राजाचा. ब्रिटिश पोलिसांना हद्द ओलांडताना सोपस्कार करावे लागत, आणि औंधच्या राजाचा कल तर उघडच राष्ट्रीय चळवळीकडे होता. भूमिगतांना या हद्दी फार कामाला आल्या. साताऱ्याचे भूमिगत इतका काळ टिकले कसे, याचे निम्मे उत्तर या नकाशातच आहे.

यशवंतराव पत्री सरकारात होते का?

नाही. शाळेच्या पुस्तिकांत आणि जयंतीच्या भाषणांत हे सर्रास चुकते. यशवंतराव मे १९४३ मध्ये पकडले गेले. नाना पाटलांच्या नेतृत्वाखालचे प्रतिसरकार, म्हणजे लोकांच्या तोंडचे पत्री सरकार, उभे राहिले ते त्यानंतर, १९४३ च्या उत्तरार्धात. कुंडल परिसरातल्या भूमिगतांच्या गटाने शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली ती ७ जून १९४३ ला. धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ साडेपाच लाखांचा सरकारी खजिना लुटला गेला तो १४ एप्रिल १९४४ ला. दोन्ही वेळी यशवंतराव गजाआड होते.

तुफान सेना हे स्वयंसेवक दल, गावोगावची न्यायमंडळे, सावकार-गुंडांना तळपायांवर काठीचे फटके, कमी खर्चातले गांधीविवाह हा सगळा नाना पाटील, किसन वीर, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांच्या शेकडो सोबत्यांचा कारभार. तो त्यांच्याच नावावर राहू द्यावा.

तरीही दोन्हींचा संबंध नाही असे म्हणता येत नाही. भूमिगतांना भाकरी देणारी घरे, निरोप पोचवणारी पोरे, पोलीस पाटलाच्या हालचालींवर लक्ष ठेवणारी माणसे हे जाळे पहिल्या नऊ महिन्यांत विणले गेले, आणि ते विणणाऱ्यांत यशवंतराव प्रमुख होते. प्रतिसरकार त्याच जाळ्यावर उभे राहिले.

मग बेचाळीसमध्ये त्यांनी नेमके काय केले?

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'चले जाव'चा ठराव झाला तेव्हा ते तिथे होते. दुसऱ्या दिवशी पहाटे वरिष्ठ नेत्यांची धरपकड झाली. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या दुसऱ्या फळीला वरून सविस्तर आदेश मिळालेच नाहीत, त्यांनी आपापल्या जबाबदारीवर ठरवायचे होते. यशवंतराव तेव्हा एकोणतीस वर्षांचे, वकिलीत नुकतेच पडलेले, लग्न होऊन दोन महिने झालेले.

साताऱ्यात पहिला टप्पा मोर्चांचा होता. पद्धत साधी : आसपासच्या गावांतून माणसे जमवायची, निःशस्त्र तालुका कचेरीवर जायचे, तिरंगा लावायचा आणि मामलेदाराला सांगायचे की इंग्रजांचे राज्य संपले. जिल्हाधिकारी लांब असतो, मामलेदार लोकांना रोज दिसतो. त्यामुळे कचेरीवर झेंडा लागला की राज्य हलल्याची खूण गावाला पटायची.

पहिला मोर्चा कराडला, २४ ऑगस्टला, बाळकृष्ण पाटील उंडाळकरांच्या नेतृत्वाखाली. त्यांना अटक झाली, पण गोळी चालली नाही. ३ सप्टेंबरला तासगावचा मोर्चा तर पूर्ण यशस्वी झाला : कचेरीवर झेंडा चढला आणि मामलेदारांच्या डोक्यावर गांधी टोपीही. मग ९ सप्टेंबरला वडूज आणि १० ला इस्लामपूर. दोन्हीकडे गोळीबार झाला.

त्यानंतर मोर्चे थांबवून दुसरा टप्पा सुरू झाला : टपाल आणि तारा तोडणे, रेल्वेत अडथळे, डाकबंगल्यांना आगी, गुप्त पत्रके. माणसाच्या जिवाला धक्का न लावता सरकारचे दळणवळण मोडायचे, असा सर्वसाधारण दंडक होता. यशवंतरावांचे काम या सगळ्याची मोट बांधण्याचे : गटांना भेटणे, कुणी कुठे राहायचे ते ठरवणे, पैसे आणि पत्रके पोचवणे, आणि मुंबई-पुण्यातल्या भूमिगतांशी धागा राखणे. हातात पिस्तूल घेतलेला यशवंतराव रंगवायला चित्रकारांना आवडते, पण मोर्चे थांबवण्याचा निर्णय हाच त्या नऊ महिन्यांतला सर्वांत वजनदार निर्णय होता, असे आमचे मत आहे. लोक पेटलेले असताना त्यांना पुन्हा गोळीसमोर न नेणे हे सोपे नसते.

वडूजला असे काय बिघडले?

आखणी तीच होती, परिस्थिती बदललेली होती. तासगावला जे घडले त्याने सरकार खडबडून जागे झाले. मोर्चाची सगळी मदार समोरचा अधिकारी नमते घेईल यावर होती. त्याने घेतले नाही तर पुढे काय, याला उत्तर नव्हते. मोर्चा कचेरीसमोर येऊन थांबला, सशस्त्र पोलिसांनी गोळ्या झाडल्या. झेंडा घेऊन पुढे असलेले वडगावचे परशुराम घार्गे पडले, आणि एकूण नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला दोन जण गेले. त्यांतले पंड्या हे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर.

लागोपाठच्या दोन दिवशी दोन मोर्चे ठेवण्यातही धोका होता. वडूजची बातमी इस्लामपूरकडे निघालेल्या माणसांपर्यंत नीट पोचून विचार व्हायला वेळच उरला नाही.

महायुद्ध चालू असताना बंड केले, म्हणजे जपान-जर्मनीच्या बाजूने होते का?

नाही, आणि यशवंतरावांच्या बाबतीत तर हा प्रश्न त्यांनी आधीच स्वतःपुरता सोडवलेला होता. तुरुंगात आणि नंतर कॉलेजात असताना त्यांच्यावर मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा मोठा पगडा होता. युद्ध सुरू झाल्यावर रॉय यांनी फॅसिझमविरोधात इंग्रजांना युद्धकार्यात साथ द्यावी अशी भूमिका घेतली. यशवंतराव तिथे त्यांच्यापासून वेगळे झाले आणि काँग्रेससोबत राहिले. फॅसिझम वाईट हे मान्य, पण गुलाम देशाला विचारल्याशिवाय युद्धात ओढणेही मान्य नाही, ही त्या वेळच्या काँग्रेस कार्यकर्त्याची भूमिका. कम्युनिस्टांनीही रशिया युद्धात उतरल्यावर 'लोकयुद्ध' म्हणून इंग्रजांना पाठिंबा दिला. नाना पाटील पुढे कम्युनिस्ट पक्षाकडून खासदार झाले, तरी बेचाळीसला ते त्या पक्षात नव्हते. हा क्रम उलटा लावला की सगळेच चुकते.

ते पकडले कसे गेले?

बायकोच्या आजारपणामुळे. वेणूताईंचे माहेर फलटणच्या मोऱ्यांचे. मे १९४३ मध्ये त्या तिथे आजारी होत्या, प्रकृती गंभीर असल्याचे कळल्यावर यशवंतराव भेटायला गेले आणि तिथेच अटक झाली. फलटण संस्थानी मुलूख असला तरी औंधइतका मोकळा नव्हता, आणि फरारी माणूस आजारी बायकोला भेटायला येणार हे पोलिसांना सांगायला पंचांग लागत नाही. १९४४ मध्ये त्यांची सुटका झाली.

घरच्यांना काय सोसावे लागले?

लग्न २ जून १९४२ चे. जानेवारी १९४३ मध्ये, लग्नानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला, पोलिसांनी वेणूताईंना कराडच्या घरातून धरून नेले. नवऱ्याचा ठावठिकाणा त्यांनी सांगावा हा उद्देश. त्यांनी सांगितला नाही, तो त्यांना ठाऊकही नसावा. त्यानंतर त्यांची तब्येत कायमची खालावली. थोरले बंधू ज्ञानोबा याच काळात गेले. मधले बंधू गणपतराव यांनाही तुरुंगवास झाला, आणि पुढे क्षयाने त्यांचाही अंत झाला. पोरे लहान असतानाच नवरा गमावलेल्या आणि शेतावर राबून त्यांना वाढवलेल्या आई विठाबाईंच्या वाट्याला हे सगळे एका वर्षाच्या आत सुरू झाले. यशवंतरावांच्या पदांची यादी पाठ करणाऱ्यांनी ही चार नावेही लक्षात ठेवावीत : विठाबाई, ज्ञानोबा, गणपतराव, वेणूताई.

तुरुंग फोडून पळाले ते यशवंतरावच ना?

ते वसंतदादा पाटील. २४ जुलै १९४३ ला भर दिवसा सांगलीच्या गणेशदुर्गातल्या तुरुंगातून दादा आणि त्यांचे सोबती पहारेकऱ्यांना कोंडून, त्यांच्याच बंदुका घेऊन तटावरून खंदकात उतरले. पावसाळा होता, कृष्णेला पाणी. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांचा अंत झाला. दादांच्या खांद्यात गोळी लागली आणि ते पकडले गेले. पुढे तेरा वर्षांची शिक्षा झाली, १९४६ मध्ये सुटका. तेही मंत्री झाले, आणि १९७७ पासून चार वेळा मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली.

'यशवंतराव' आणि 'वसंतदादा' ही नावे लोकांच्या बोलण्यात एकमेकांत मिसळतात खरी, पण दोघांचा पिंड वेगळा. दादा शिकले बेताचेच, पण सांगलीत साखर कारखाना उभा करून त्यांनी सहकाराचे गणित हाताने मांडले. यशवंतराव वाचणारे, चर्चा करणारे, आणि निर्णय लांबवला तर लांबवणारे.

पहिले सरकारी पद कोणते, आणि त्यात विशेष काय?

१९४६ च्या निवडणुकीत ते मुंबई विधानसभेवर गेले आणि गृहखात्याचे संसदीय चिटणीस झाले. गृहमंत्री होते मोरारजी देसाई. तीन वर्षांपूर्वी ज्या खात्याचे पोलीस मागावर होते, त्याच खात्याच्या फायली आता समोर यायच्या. याच सरकारच्या काळात नाना पाटलांसारख्या भूमिगतांवरची वॉरंटे मागे घेतली गेली आणि ते उघडपणे लोकांत आले.

मोरारजींच्या हाताखाली त्यांनी नोकरशाहीचे काम शिकले : टिपण कसे वाचायचे, शेरा किती शब्दांत मारायचा, अधिकाऱ्याला बोलू कधी द्यायचे. तेहतीस वर्षांनी, जुलै १९७९ मध्ये, पंतप्रधान मोरारजींविरुद्धचा अविश्वास ठराव लोकसभेत मांडला तो यशवंतरावांनीच.

संयुक्त महाराष्ट्राला त्यांचा विरोध होता का?

मागणीला नव्हता, आंदोलनाच्या मार्गाला होता. पण हे वाक्य १९५५ साली कुणाला सांगितले असते तर मार खावा लागला असता. त्या डिसेंबरात फलटणला त्यांनी नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांत निवड करायची तर आपण नेहरूंना मोठे मानू, अशा अर्थाचे विधान केले आणि महाराष्ट्राचा रोष ओढवून घेतला. आंदोलनात शंभराहून अधिक माणसे गेली. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा धुव्वा उडवला. मुख्यमंत्री असूनही यशवंतराव कराडमधून कसेबसे निवडून आले.

३० नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडावर नेहरूंच्या हस्ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा समितीने वाटेत प्रचंड काळी निदर्शने केली. यशवंतरावांनी ती मोडून काढली नाहीत, रस्त्याच्या कडेला शांतपणे होऊ दिली. द्वैभाषिक लोकांना नको आहे हे दिल्लीला त्या दिवशी डोळ्यांनी दिसले. यशवंतरावांचा तोच हेतू होता की निव्वळ सावधपणा, यावर आजही दोन मते आहेत. राज्य मिळाले ते समितीच्या लढ्यामुळे. ते दिल्लीकडून पदरात पाडून घेण्याचे काम यशवंतरावांनी केले. एकाचे श्रेय दुसऱ्याला देऊ नये.

मुख्यमंत्री म्हणून ठोस काय केले?

सगळी यादी देत नाही, आज ज्यांचा हिशेब लागतो तेवढेच.

जिल्हा परिषदा : वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत ही रचना सुरू झाली. केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीने गटपातळीला जोर दिला होता, महाराष्ट्राने जिल्हा पातळीला दिला. आमदार-खासदारांना परिषदेतून बाहेर ठेवले, जिल्हाधिकाऱ्यालाही ठेवले आणि स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी नेमला. फायदा असा की गावाकडून नवे नेतृत्व वर यायला जागा झाली. दुबळी बाजू पैशांची : परिषदांचे स्वतःचे उत्पन्न फार थोडे, बहुतेक मदार राज्याच्या अनुदानावर. आजही ती तशीच आहे.

फी-सवलत : वर्षाला ९०० रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना जातीची अट न घालता फी माफ. ही मर्यादा नंतर १,२०० केली. 'ई. बी. सी.' (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) म्हणून ओळखली जाणारी ती हीच. कोरडवाहू भागातल्या एका अख्ख्या पिढीचे कॉलेज तिने केले.

महार वतन (गावकीच्या वंशपरंपरागत कामाच्या बदल्यात मिळणारी जमीन) : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ पासून ज्यासाठी विधेयक आणले होते, ते वतन रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला.

शिवाय १९६१ चा जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा, १९६२ ला औद्योगिक विकास महामंडळ, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखालचे साहित्य संस्कृती मंडळ, औरंगाबाद आणि कोल्हापूरची विद्यापीठे, साताऱ्याची सैनिक शाळा.

'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे ठीक, पण संरक्षणमंत्री म्हणून केले काय?

२१ नोव्हेंबर १९६२ ला शपथ घेतली. चीनने एकतर्फी युद्धबंदी लागू केली तोच हा दिवस. म्हणजे चीनशी लढण्यात त्यांचा भाग काहीच नव्हता. समोर होते ते हरलेले, एकमेकांवर चिडलेले सैन्य आणि मंत्रालय. आधीचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या काळात बढत्या आणि नेमणुकांवरून सेनाधिकाऱ्यांत गट पडले होते. यशवंतरावांनी पहिली गोष्ट केली ती ही : तिन्ही दलप्रमुखांना आणि सचिवांना सकाळच्या बैठकीत समोरासमोर बसवणे, आणि लष्करी आखणीत स्वतः ढवळाढवळ न करणे.

दुसरी गोष्ट आकड्यांची. १९६४ मध्ये संरक्षणाची पहिली पंचवार्षिक योजना आली. सैन्य ८,२५,००० पर्यंत, त्यात डोंगरी युद्धासाठी १० डिव्हिजन, हवाई दलाची ४५ स्क्वॉड्रन, सीमेवरचे रस्ते आणि दारूगोळ्याचे कारखाने. इतके सैन्य वाढवताना अधिकारी कमी पडतात, म्हणून तातडीच्या नेमणुका ('इमर्जन्सी कमिशन') देऊन तरुण अधिकारी घाईने भरले. ही घाई १९६५ मध्ये उपयोगी पडली.

तिसरी गोष्ट वादग्रस्त. पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल आला, त्यावर त्यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये लोकसभेत निवेदन केले, पण अहवाल जाहीर केला नाही. कारण दिले सुरक्षेचे आणि सैन्याच्या मनोबलाचे. त्या वर्षी ते पटण्यासारखे होते. पुढच्या प्रत्येक सरकारने तीच सबब वापरली, त्याचे ओझे एकट्या यशवंतरावांवर टाकता येत नाही.

१९६५ मध्ये हवाई दल वापरण्याचा निर्णय त्यांनी एकट्याने घेतला का?

१ सप्टेंबरला पाकिस्तानी रणगाडे जम्मूतल्या छांबमध्ये घुसले. दुपारी लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग त्यांच्या कार्यालयात आले. मंत्रिमंडळाची बैठक बोलावण्याइतका दिवस शिल्लक नव्हता, कारण सूर्य मावळला की विमाने निरुपयोगी. यशवंतरावांनी काही मिनिटांत होकार दिला. पठाणकोटहून पहिली विमाने सव्वापाचच्या सुमाराला उडाली.

निर्णय बरोबर असूनही नुकसान झाले. पाठवली ती व्हँपायर विमाने जुनाट, पाकिस्तानकडे सेबर. पहिल्याच संध्याकाळी चार व्हँपायर पडली. जमिनीवरच्या तुकड्यांशी धड संपर्क नसल्याने काही मारा आपल्याच सैन्यावर झाला. तरी शत्रूची आगेकूच रेंगाळली. ६ सप्टेंबरला भारतीय सैन्याने लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली, पण तो निर्णय पंतप्रधान शास्त्रीजींसह वरच्या पातळीवर झालेला होता.

गृह, अर्थ आणि परराष्ट्र खात्यांत काय?

गृहमंत्री म्हणून संस्थानिकांच्या तनख्यांबाबतच्या वाटाघाटी त्यांच्याकडे होत्या. तनखे अखेर १९७१ च्या घटनादुरुस्तीने बंद झाले. अर्थमंत्री म्हणून त्यांच्या वाट्याला बांगलादेश युद्धाचा खर्च, १९७२ चा दुष्काळ आणि तेलाची भाववाढ आली. १९७३-७४ चा ५५० कोटींच्या तुटीचा त्यांचा अर्थसंकल्प 'काळा अर्थसंकल्प' म्हणून आजही परीक्षेत विचारतात. परराष्ट्र खात्यात मुख्य निर्णय इंदिरा गांधींच्याच हाती असत.

आणीबाणीत ते गप्प का राहिले?

जून १९७५ ते मार्च १९७७ ते परराष्ट्रमंत्री होते आणि पदावर राहिले. विनाचौकशी स्थानबद्धता काय असते हे ज्याला अनुभवाने ठाऊक, ज्याची बायको केवळ नवऱ्याचा पत्ता मिळावा म्हणून उचलली गेली, त्याने मिसा कायद्याखाली हजारो माणसे आत जाताना मंत्रिमंडळ सोडले नाही. बंड केले असते तर आपणही आत गेलो असतो, महाराष्ट्रातली माणसे उघडी पडली असती, अशी समर्थने त्यांच्या चाहत्यांकडून येतात. ती खोटी नाहीत, पुरेशी मात्र नाहीत. बेचाळीसचे यशवंतराव आणि पंचाहत्तरचे यशवंतराव एकाच लेखात आले की बहुतेक लेखक मधली पाने गाळतात.

ते पंतप्रधान का झाले नाहीत?

मोरारजी सरकार पडल्यावर जुलै १९७९ मध्ये राष्ट्रपतींनी विरोधी पक्षनेते म्हणून प्रथम त्यांनाच सरकार बनवता येते का ते पाहायला सांगितले. आकडा जुळला नाही. मग चरणसिंगांच्या सरकारात ते उपपंतप्रधान आणि गृहमंत्री झाले. ते सरकार लोकसभेला सामोरे न जाताच पडले. १९८० ला इंदिरा गांधींच्या लाटेतही ते साताऱ्यातून निवडून आले, १९८१ मध्ये पुन्हा त्यांच्या पक्षात गेले. तोवर दिल्लीला त्यांची गरज उरली नव्हती.

बेचाळीसबद्दल त्यांचे स्वतःचे लिखाण आहे का?

आहे. 'कृष्णाकाठ' हे आत्मचरित्र १९८४ मध्ये आले. ते १९४६ ला ते मुंबईला जातात तिथे थांबते, पुढचे भाग झाले नाहीत. भूमिगत काळासाठी ते आवश्यक आहे, पण लक्षात घ्या : चाळीस वर्षांनी, मोठ्या पदांवरून उतरल्यावर लिहिलेले आहे. तारखांसाठी गॅझेटियर आणि न्यायालयीन निकाल शेजारी ठेवून वाचावे. मुख्यमंत्रिपद किंवा १९६२ साठी त्यात काही शोधू नका.

आमचे आजोबा साताऱ्यात भूमिगत होते असे घरात सांगतात. खात्री कशी करायची?

१९७२ मध्ये, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात, केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तीवेतन सुरू केले. तेव्हा अर्थमंत्री यशवंतरावच होते. तुरुंगवास किमान सहा महिने, आणि भूमिगतांसाठी सहा महिन्यांहून अधिक काळ, पण नुसते सांगून भागत नसे. फरारी म्हणून जाहीरनामा, पकडण्यासाठी बक्षीस, किंवा बजावता न आलेला स्थानबद्धतेचा हुकूम यांपैकी काहीतरी लागे. म्हणून आजोबांनी अर्ज केला असेल तर त्याची फाइल हाच सगळ्यात श्रीमंत कागद. आधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या स्वातंत्र्यसैनिक शाखेत विचारा, मग तुरुंगाच्या नोंदी.

अडचणी तीन येतात. नाव : पोलिसांच्या कागदांत आडनावाऐवजी गावाचे नाव किंवा टोपणनाव असते, दोन्ही लिहून न्या. हद्द : गाव संस्थानात असेल तर कागद ब्रिटिश साताऱ्याच्या दप्तरात मिळणार नाहीत, त्या संस्थानाच्या दप्तरात शोधा. आणि तिसरी, जी कुणी सांगत नाही : खरा तरबेज भूमिगत तोच, ज्याच्या नावाचा कागदच झाला नाही. फाइल मिळाली नाही म्हणून आजोबा खोटे ठरत नाहीत. सोबत्यांच्या फायलींत त्यांचे नाव साक्षीत येते का ते पाहा.

कराड-देवराष्ट्रे एका दिवसात पाहता येते का?

येते, सकाळी लवकर निघालात तर. कराडला प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात, तिथेच यशवंतरावांची समाधी आहे. गावात 'विरंगुळा' हे त्यांचे घर आणि वेणूताईंच्या नावाचे स्मारक, त्यात त्यांचा ग्रंथसंग्रह. निघण्यापूर्वी वेळ आणि सुट्टीचा दिवस विचारून घ्या. १२ मार्च आणि २५ नोव्हेंबरला प्रीतिसंगमावर नेत्यांची रांग असते, शांतपणे पाहायचे असेल तर हे दोन दिवस टाळा. रेल्वेने आलात तर कराडचे स्टेशन गावात नाही, ओगलेवाडीला आहे, तिथून रिक्षा किंवा एसटी. देवराष्ट्र्याला जाताना ताकारी किंवा किर्लोस्करवाडी स्टेशन जवळ पडते, आणि वाटेत कुंडलचा फाटा लागतो. ज्यांना पत्री सरकारात रस आहे त्यांनी तिथे दोन तास जास्तीचे ठेवावेत.